‘माझा संयम’च्या समासातले शेरे

४ ऑगस्ट, सातारा. सकाळी ७.१०
पुस्तक आलं. ‘माझा संयम’. पानं १४८. मुखपृष्ठावर मी पाठमोरा, समोर अजिंक्यतारा. क्षमाबरोबर काढलेल्या सव्वीस वर्षांची खरीखुरी कहाणी. बाईसाहेब संक्रांतीपासून सांगलीत, भावाकडे. ‘पंधरा दिवसांसाठी.’
प्लॅन सोपा आहे. ती वाचणार, चाळिसाव्या पानावर रडणार, गणपतीच्या आत घरी. आल्यावर टोमणे मारायचे नाहीत. निदान पहिला आठवडा.
तिला प्रत पोस्टाने पाठवली. शिवाय ती सांगलीत ज्या वाचनालयात जाते, तिथे एक देणगी म्हणून. मागून घेणार नाही ती कधी, पण फुकट दिसलं की वाचेल.

९ ऑगस्ट
नानासो म्हणजे माझे सकाळच्या फिरण्याचे जोडीदार. दोन दिवसांत पुस्तक संपवलं म्हणे. चार भिंती स्मारकाच्या वाटेवर थांबून डोळे पुसले. “आवं सुमंतराव, लय रडलो. वैनींनी सव्वीस वर्सं कशी काढली असतील वो?”
नानासोंचं शिक्षण बेताचं. उद्यापासून एकट्याने फिरायचं.

१२ ऑगस्ट
पाऊस. फिरायला गेलो नाही.

१७ ऑगस्ट. दुपारी
इथल्या वाचनालयालाही एक प्रत दिली होती, ती जाऊन काढली. ‘पुस्तकात लिहू नये’ असा बोर्ड आहे, त्यामुळे सगळे लिहितात. पान १२ वर पेन्सिलने ‘अगदी बरोबर!’ भरून आलं. त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘बायको बरोबर.’ पान ३१ वर ‘हा माणूस घरी राहतो की लॉजवर?’
टवाळ लोक. पण वाचतायत, हे महत्त्वाचं.

२० ऑगस्ट
पार्सल परत आलं. शेरा : घेण्यास नकार. सांगलीचा पोस्टमन नवीन दिसतो.

२५ ऑगस्ट
पुण्याहून अश्लेषाचा फोन. लेकीने बापाचं पुस्तक वाचलं, आनंद वाटला. तिने विचारलं, बाबा, यात मी कुठे आहे? पान ८८ काढायला सांगितलं, ‘यथावकाश कन्यारत्न झालं.’ तिने ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं. भारावली असावी. मग म्हणाली, आई सांगलीतच विश्रामबागला भाड्याने खोली बघतेय.
नाटक. खोली बघणं वेगळं आणि घेणं वेगळं. आम्ही दोघांनी आयुष्यभर नुसते फ्रीज बघितलेत.

३० ऑगस्ट
मोठी बातमी! मेहुण्याचे शेजारी जिनपाल, हळदीचे व्यापारी, यांनी पंचवीस प्रती मागवल्या. म्हणजे सांगली माझ्या बाजूने झाली. आता क्षमाला जनमतापुढे झुकावंच लागेल. ठरलं. स्वतः जाऊन घेऊन येतो. माफी मागितली तर लगेच देऊन टाकायची, ताणायचं नाही.

५ सप्टेंबर, सांगली. संध्याकाळी, एसटी स्टँडवर
आधी जिनपालना भेटलो. ते वधू-वर मेळावा भरवतात. प्रती लग्नाळू मुलांना वाटल्या म्हणे, पहिल्या पानावर शिक्का मारून. ‘असे वागू नये.’ वर मला भडंग खायला घातलं. माणूस चांगला आहे, काय करणार.
मग मेहुण्याकडे. मधुकरने चहा दिला आणि ताई सोमवारीच नव्या जागेत गेली असं सांगितलं. पत्ता विचारून सांगतो म्हणाला. कोणाला विचारून, ते मी विचारलं नाही.
शेवटी वाचनालयात गेलो. देणगीची प्रत उघडली आणि अक्षर ओळखलं. सव्वीस वर्षं किराण्याच्या यादीत पाहिलेलं.
पान २२. मी : ‘तिने मला कधी गोड चहा दिला नाही.’ समासात : ‘शुगर २६०.’
पान ६४. मी : ‘ती काही न बोलता निघून गेली.’ समासात : ‘बोलले होते. तीनदा. पेपर वाचत होता.’
शेवटच्या पानावर : ‘पूर्ण वाचलं. एवढ्या पानांत माझं एकही वाक्य नाही.’
पूर्ण वाचलं! म्हणजे आवडलंच.

६ सप्टेंबर, सातारा. हरतालिका
उद्या गणपती. मखर माळ्यावर आहे, कुठल्या खोक्यात ते तिला माहीत.
सकाळपासून पुस्तक तीनदा चाळलं, तिचं वाक्य दाखवून द्यायला. नाही सापडलं. पान ८ पासून १४८ पर्यंत मीच बोलतोय.
ठीक आहे. दुसऱ्या आवृत्तीत घालू, त्यात काय. वही घेऊन बसलो. सव्वीस वर्षांतलं एक तरी आठवेल. पेपर आला होता, तो उघडला नाही.
दुपारचे चार वाजले. फार वाईट वाटतंय. एकच आठवलं.
“अहो, ऐकताय ना?”
त्यापुढे ती काय म्हणायची, ते आठवत नाही.