भरतीला मोजा

आबा, आपलं बंदर यादीतून काढायला निघाले होते. आपलं म्हणजे महाडच्या खाली, सावित्रीच्या खाडीतला तो धक्का, जिथे तुम्ही शिपाई म्हणून नोकरी केलीत. सरकार आता लहान बंदरांपैकी कुठली ठेवायची ते ठरवतंय. जिथे होडीपुरतं पाणी आहे तिथला गाळ काढणार, धक्का नवा बांधणार. बाकीच्यांची नावं खोडणार. नाव खोडलं की गाळ तसाच राहणार, आणि मग पावसाळ्यात पाणी कुठे शिरतं हे आपल्या वाडीला कुणी सांगायला नको.

तुमची सकाळ मला अजून दिसते. चहाच्या आधी खुणा केलेला बांबू घेऊन तुम्ही धक्क्यावर जाता, खोली मोजता आणि भरतीच्या वेळेसह फळ्यावर लिहिता. एकदा तुम्हाला ताप होता म्हणून मला पाठवलंत. मी कालचेच आकडे फळ्यावर तसेच ठेवून परत आले. तुम्ही अंथरुणातून उठून स्वयंपाकघरात आलात. "भरती रोज पाऊण तास पुढं सरकते, म्हायत नाय तुला? कोनतरी होडी घालील गो त्या आकड्यावर!" आई भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरीला किती बोलाल?" तरी तुम्ही थांबला नाहीत. पुढे वर्तमानपत्रात नोकरी करताना प्रत्येक आकडा मी तुमच्या धाकाने तपासला.

नाव खोडायला वाडीतर्फे मी हरकत घेतली, आणि गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीत सुनावणी झाली. अधिकारी म्हणाले, "मॅडम, धक्क्याला गुडघाभर पाणी आहे." मी विचारलं, "किती वाजता मोजलंत?" ते कागद चाळू लागले. वेळ निघाली ऐन ओहोटीची. मागून होडी हाकणारा एक म्हातारा तांडेल ओरडला, "पोरं घरी गेल्यावर हजेरी घेतलीत काय सायेब?" सभा हसली. मी हसले नाही. म्हटलं, "भरतीला मोजा, आमच्यासमोर. तोवर हरकत मागे घेणार नाही."

"तेवढ्यासाठी पुन्हा माणसं आणायची?"

"आणा. वीर स्टेशनवर रिक्षा मी पाठवते." दिवसही मीच सांगितला. मंगळवार, दुपारी दोन.

ते आले. होडीला लागतं तेवढ्या पाण्याची बांबूवरची खूण पाण्याखाली गेली, पंचांच्या सह्या झाल्या. नाव यादीत राहिलं आहे.

साहेबांच्या ध्यानात आलं नाही ते तुम्हाला लगेच कळलं असतं. मंगळवार अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीचा होता, पंधरवड्यातलं सगळ्यात मोठं पाणी. तुम्ही तांडेलांना नेहमी अष्टमीचं, कमीतलं पाणी सांगायचात, म्हणजे होडी कधीच अडकायची नाही. त्यांनी ओहोटी निवडली, मी उधाण निवडलं. पुन्हा सुनावणी लागली तर पुन्हा तेच करीन, आणि तुम्ही समोर असतात तरी केलं असतं.

काल अष्टमी होती. बांबू घेऊन धक्क्यावर मोजायला निघाले, आणि नाक्यावरूनच परत फिरले.