कस्तुरीचं डोहाळजेवण

३ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. निफाडमध्ये द्राक्षं कोणीही पिकवतं, गाभण घोडी फक्त माझ्याकडे. कस्तुरीला आता सातवा लागेल. मागच्या खेपेला आठव्यात गाभडली, शिंगरू गेलं. मी म्हणालो दृष्ट, डॉक्टर वेदिका म्हणाल्या व्हायरस. लॅबचा रिपोर्टही त्यांच्याच बाजूने. बायको, मनीषा, दोन दिवस जेवली नव्हती. मीही नाही, पण मी उपवास म्हणून सांगितलं. यंदा शिंगरू सुखरूप हवंच.

४ ऑक्टोबर
डॉक्टरांनी समजावलं. हा व्हायरस दुसऱ्या घोड्याच्या नाकातून, बादलीतून, आपल्या हातातूनही येतो. घोडी ठणठणीत दिसते आणि अचानक गाभडते. लस वेळेवर, बादली वेगळी, बाहेरचं जनावर लांब. सगळं कळलं. गेटवर स्वतः पाटी रंगवली : बाहेरच्यांना सक्त मनाई. शिस्त म्हणजे शिस्त.

११ ऑक्टोबर
सातवा म्हणजे डोहाळजेवण आलंच. मनीषाने विचारलं, अहो, पाटीचं काय? म्हटलं, पाटी बाहेरच्यांसाठी, येणारे घरचे. अगदी जवळचेच. मंडप सांगितला.

१४ ऑक्टोबर
दृष्ट लागण्यासारखा सोहळा! हिरवी झूल, गळ्यात हार. बायकांनी ओटी भरली, कस्तुरीने ओटी खाल्ली. मेहुणा अमोल चांदवडहून वरातीचा घोडा टेम्पोत घालून आला. त्याला कस्तुरीच्याच बादलीत पाणी पाजलं. पाहुण्याला वेगळी बादली बरी दिसत नाही.
संध्याकाळी घोड्याचं नाक वाहत होतं. धूळ असणार.

१५ ऑक्टोबर
धूळ नव्हे. ताप. डॉक्टरांनी नाकातला नमुना घेतला. लक्षण पहिल्यांदा मीच ओळखलं, हे त्यांना सांगितलं.

२१ ऑक्टोबर
तोच व्हायरस! अमोलला फोनवर झापलं. म्हणतो, दाजी, आवतण तुमचंच व्हतं ना? उद्धट कार्टं.
कस्तुरीला लस दिलेली आहे, पण खात्री कोणीच देत नाही. आज पुन्हा उपवास. खंडोबाला नारळ बोललो. डॉक्टर म्हणाल्या, नारळ चालेल काका, आधी बादली बदला.

९ नोव्हेंबर
चांदवडला जाऊन आजारी घोडा बघून आलो. माणुसकी! घरी येताच कस्तुरीला थोपटायला निघालो, तर मनीषा दारात आडवी. आंघोळ, कपडे, मग घोडी. तबेल्याची किल्ली तिने कमरेला लावली. मीच नेमलं तिला, असं म्हणायला हरकत नाही.

१७ फेब्रुवारी, सकाळ
कस्तुरी अजून उभी, पोट हे एवढं. माझं नियोजन! आज मंगळवार, येवल्याचा घोडेबाजार. शिंगरासाठी घुंगरू आणतो. घोड्यांच्या जवळपासही जाणार नाही.

१७ फेब्रुवारी, दुपार
झालं! मादी आहे, उभी राहिली, दूध प्यायली. कपाळावर पांढरा ठिपका आहे म्हणे. मला मोबाइलवर नीट दिसला नाही, डोळे भरून आले होते.
मी गेटबाहेर आहे. बाजारातल्या एका घोड्याचं नाक कुरवाळतानाचा माझा फोटो अमोलने मोबाइलवर पाहिला आणि मनीषाला दाखवला. तो आत आहे, आंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांत. मी सांगितलं, पाटी बाहेरच्यांसाठी आहे. मनीषा म्हणाली, अहो, म्हणूनच.
घुंगरू गेटला बांधलंय.