बास नावाचा मासा

पीटरबरो, ओंटारिओ
जुलै महिना, शनिवार

प्रिय उल्हास,

हे पत्र वीणा तुला वाचून दाखवणार, म्हणून सुरुवातीचे दोन शब्द तिच्यासाठी. वीणा बेटा, सावकाश वाच. तुझ्या बाबांना मधली ओळ खाल्लेली चालत नाही, जन्मभर पोरांना मराठी शिकवलेला माणूस आहे तो. आणि वाचता वाचता त्यांनी त्यांचा तो एकुलता एक शब्द उच्चारला, तर थांबू नकोस. त्या शब्दाबद्दलच मला बोलायचं आहे, पण ते शेवटी.

उल्ह्या, अर्धांगाच्या झटक्यातून तू उठलास, पण उजवा हात अजून रुसलेला आहे आणि जीभही. व्यायाम करून घेणारी बाई आली की तू भिंतीकडे तोंड करून पडतोस, असं वीणा फोनवर म्हणाली. हात परत यायचा असेल तर हेच महिने आहेत, असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. यावर मी उपदेश करणार नाही. वर्गात उपदेशाचा धडा लागला की आपण दोघंही खिडकीबाहेर साकोलीच्या तलावाकडे बघत बसायचो. मी तुला मासेमारीबद्दल लिहिणार आहे.

इथे माझ्या ओजसच्या घरापासून गाडीनं थोडं गेलं की तळीच तळी लागतात. एक संपलं असं वाटावं तर झाडांआड दुसरं. सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि त्यात तो लून नावाचा काळा-पांढरा पक्षी असा काही सूर लावतो, की जणू कवितेच्या तासाला कुणी तरी पहिलीच ओळ चुकीच्या चालीत उचलावी आणि तीच सगळ्यांना आवडून जावी. पण या तळ्यांवर खरं राज्य आहे ते माझ्या सुनेचं. अवंतिका नागपूरची, हे तुला ठाऊकच आहे. आठवडाभर बेसमेंटमध्ये बसून एका बँकेचे कॉम्प्युटर सांभाळते, आणि शनिवार उजाडला की गाडीमागे बोट लावून निघते. घरात अंडंसुद्धा शिजत नाही, पण गॅरेजमध्ये गळाच्या काठ्या लग्नघरातल्या छत्र्यांसारख्या कोपऱ्यात उभ्या असतात. मासा पकडते, त्याला दोन्ही हातांत धरून डोळे भरून बघते आणि परत पाण्यात सोडते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, मग पकडायचा तरी कशाला? म्हणाली, “बाबा, तुम्ही कविता पाठ करता, ती काय खायला?” तू असतास तर टाळी दिली असतीस.

यंदा तिनं ठरवलं, बाबांची स्वतःची काठी हवी. दुकानात गेलो तर अख्खी भिंत काठ्यांनी भरलेली. मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. अवंतिकानं एक उचलली, मुठीशी धरली, मनगटाला हलकाच झटका दिला आणि टोकाकडे बघत राहिली. नाही म्हणाली. दुसरी उचलली, पुन्हा झटका. “बाबा, ही मधनं वाकून राहिली. टिप फास्ट पाहिजे, नाहीतर मासा लागल्याचा फीलच येत नाही.”

मी जागच्या जागी उभा राहिलो रे. शाळेमागच्या बांबूच्या बेटात तू हेच करायचास. कमरेला नाडीची चड्डी, नाक वाहतंय, आणि एकेक बांबू झटकून बघतोयस. “हा कमरेत वाकते बे, आळशी आहे. टोकाला वाकणारा पाहिजे. त्याले मासा तोंड उघडते तेबी समजते.” तुला हे कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. ज्या गोष्टीसाठी इथे कारखाने चालतात आणि जाडजूड कॅटलॉग छापतात, ती तुझ्या मनगटाला चौथीतच कळली होती. त्या दुकानात, सुनेसमोर, मला तुझा इतका अभिमान वाटला की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. तिला वाटलं एसीचा त्रास होतोय.

मग ती म्हणाली, आता रीळ. आणि मला शेजारच्या आनंदीकाकूंचं शिवणयंत्र दिसलं! तू त्यातलं दोऱ्याचं रीळ पळवायचास आणि काकू झंपर अर्धा शिवून ओरडत बसायच्या. इथली रिळं म्हणजे घड्याळासारखी कारागिरी. एका जातीच्या रिळावर अंगठा ठेवून दोरा आवरावा लागतो. मी ते हाती घेतलं आणि बाहेर मैदानात फेकून बघताना असा गुंता केला, की अवंतिका म्हणाली, “बाबा, कविता खुशाल म्हणा, पण अंगठा उचलू नका ना!” त्या गुंत्याला इथले लोक पक्ष्याचं घरटं म्हणतात. सुंदर शब्द आहे, पण माझ्या हातून सकाळभर नुसती घरटीच झाली. शेवटी दुसऱ्या जातीचं घेतलं, त्यात दोरा आपणहून उलगडत जातो. त्याच्या माथ्यावर एक चक्री असते. माशानं किती जोर लावला की दोरा सोडायचा, ते तिच्यावर ठरतं. फार आवळली तर दोरा तुटतो, फार सैल ठेवली तर मासा गवतात शिरतो. म्हणजे काय, तर ढील! तू तळ्याकाठी माझ्या कानाशी ओरडायचास, “ढील दे ना बे सूर्या, मासा आहे, बैल नाही!” जे तुझी दोन बोटं करायची, ते आता ही चक्री करते. बरी करते. तुझ्याइतकी नाही.

राहिला दोरा. काउंटरवरच्या माणसानं इंग्रजीत विचारलं, कोणती लाइन हवी? इंग्रजीत दोऱ्यालाही लाइन आणि कवितेच्या ओळीलाही लाइन. मी क्षणभर खरंच ओळच शोधू लागलो. तुला ती शाळातपासणी आठवते? साहेबांनी मला उभं केलं आणि दुसऱ्या कडव्यावर माझं डोकं कोरं झालं. तू मागच्या बाकावर. तू खोकलास आणि खोकल्यातच पुढच्या ओळीचा पहिला शब्द सरकवलास. फक्त पहिला शब्द. बाकीचं सगळं त्याच्यामागून ओढल्यासारखं आलं. पुढे कॉलेजात, लग्नात, माझी सुमन गेली तेव्हासुद्धा, मी अडलो की तू कुठून तरी पहिला शब्द पुरवायचास. पुढचं मी निभावायचो.

असो. दोऱ्यांतही स्वभाव असतात. एक विणलेला, केसासारखा बारीक, इंचभरही न ताणणारा. तळाशी खडा लागला तरी बोटाला खबर देतो. अवंतिकाचा तो लाडका. दुसरा पाण्यात दिसेनासा होणारा, लाजाळू माशांसाठी. तिसरा साधा, ताणला की थोडा लांबणारा. नवशिक्यानं घाईत हिसका दिला तर तो हिसका स्वतःत जिरवतो, मासा सुटू देत नाही. मी तिसरा घेतला. दुसऱ्याच्या चुका पोटात घालणाऱ्याशी माझी जुनी दोस्ती आहे.

आणि आता त्या माशाचं नाव. हिरवट अंगाचा, मोठ्या तोंडाचा, गळाला लागला की पाण्याबाहेर उसळून डोकं झाडतो. इथले गोरे त्याला बॅस म्हणतात. आपली माणसं म्हणतात, बास.

हसू नकोस. पहिल्याच दिवशी मी बोटीत मागे बसलो होतो, मनात एक जुनी कविता चालू होती, आणि काठी एकदम वाकली. रीळ कुरकुरलं. अवंतिका पुढून जिवाच्या आकांतानं ओरडली, “बास! बाबा, बास! बास!” मला वाटलं, माझं काही तरी चुकलं. मी आज्ञाधारकपणे काठी खाली ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसलो. दोरा सैल पडला, मासा एकदा उसळला आणि गळ थुंकून गेला. ती डोक्याला हात लावून म्हणाली, “काय करून राहिले बाबा तुम्ही? मी बास म्हटलं ना!” मी म्हटलं, “म्हणून तर थांबलो!” आम्ही इतके हसलो की शेजारच्या बोटीतल्या म्हाताऱ्यानं टोपी काढून आम्हाला सलाम केला.

त्याच संध्याकाळी वीणाचा फोन आला. ती म्हणाली, “काका, बाबांना आता एकच शब्द येतो. चहा दिला की बास, गोळी दिली की बास, व्यायामाची बाई आली की बास. आणि काका, ते नुसतं बोलत नाहीत हो, त्यांना खरंच तसं वाटतं.” ज्याच्या तोंडी शेकडो कविता होत्या, त्याच्या जिभेवर हा एवढाच शब्द उरावा! मी फोन ठेवला आणि घरामागच्या लाकडी डेकवर बसून राहिलो. आणि मग, उल्ह्या, मला ती बोट आठवली. अरे, ज्या शब्दानं मी काठी टाकली, त्याच शब्दावर इथली माणसं उठून उभी राहतात!

दुसऱ्या दिवशी मी अवंतिकाला पुन्हा दुकानात नेलं. आणखी एक काठी घेतली, दोन तुकड्यांची, बॅगेत मावणारी. झटका देऊन पाहिली, टोकालाच वाकते. तिच्यावर बंद डबीचं रीळ आहे. अंगठ्यानं बटण दाबायचं, काठी झोकायची, बटण सोडायचं, सगळं एकट्या डाव्या हातानं. मग काठीची मूठ उजव्या काखेत दाबायची आणि डाव्या हातानं रीळ फिरवायचं. मूठ मुद्दाम लांब घेतलीय. काखेत काठी दाबायला उजव्या हाताला बोटं लागत नाहीत, पण तेवढं काम मात्र त्याला करावंच लागेल. खोटं वाटत असेल तर ऐक. अवंतिकानं ओढणीनं माझा उजवा हात छातीशी बांधला आणि मी धक्क्यावर उभा राहून सराव केला. एकदा गळ शेजाऱ्याच्या होडीत गेला, एकदा माझ्याच टोपीत. काल एक मासा लागला. छोटाच होता, पण डाव्या हाताचा होता.

पुढच्या महिन्यात अवंतिका माहेरी येतेय. ती काठी घेऊन साकोलीला येईल. आधी अंगणात फेकून बघ, मग तलावावर जा. आपल्या तलावात हा मासा नाही, मरळ आहे, हे मला माहीत आहे. चालेल. तिलाही बासच म्हण, मरळीला काय कळतंय! टोक वाकलं की भिंतीकडे नाही, पाण्याकडे तोंड कर आणि छाती भरून ओरड. पहिला शब्द मी तुला पुरवायची गरजच नाही, तो तुझ्यापाशी आहेच. मी इथे कान देऊन बसलोय. या खेपेला पुढची ओळ मी सांगेन.

तुझाच,
पुढच्या बाकावरचा सूर्या