एक्सपी टाकायला आलेला पोरगा

किन्हवली,
६ जानेवारी २००९

प्रिय नमू,

घरात फोन असताना बाबाने पत्र कशाला लिहिलं, असं म्हणत पाकीट फोडशील. फोनवर तू मला दोन वाक्यांत गुंडाळतेस. जेवलात का, आईचा गुडघा कसा आहे, ठेवते. पत्रात तुला मध्येच ‘ठेवते’ म्हणता येत नाही. तू माझ्यापासून काहीतरी लपवते आहेस, आणि दिवाळीपासून मला त्याचा वास येतोय. माझी लेक मला न विचारता काही ठरवून मोकळी झाली की काय, एवढंच मला कळायला हवं.

तू लॅपटॉप घेऊन आलीस तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बाजारातल्या एवढ्याशा गाळ्यात लग्नपत्रिका करणाऱ्या माणसाला लॅपटॉप कशाला? जुना कम्प्युटर कुरकुरत का होईना, चालत होता. लेक अचानक एवढी महागाची वस्तू हातात ठेवते तेव्हा बाप आधी खूश होतो, मग विचार करतो, हिला पुढे काय मागायचंय? बरं, आणलास तो नवीन व्हिस्टावाला. दिसायला झकपक, पण माझी मराठी फॉन्टची सीडी एक्सपीच्या काळातली. तिची अक्षरं त्याच्यावर चौकोन चौकोन दिसायला लागली. नवऱ्यामुलाच्या जागी चौकोन, नवरीच्या जागी चौकोन, वर गणपतीबाप्पा तेवढे जागेवर! लग्नसराई तोंडावर आलेली. तू म्हणालीस, नवीन फॉन्ट शिका. अगं, या बोटांना जुनी बटणं पाठ आहेत, ती सवय आता माझ्याबरोबरच जाणार. मी म्हटलं, नव्या मशीनवर जुनं एक्सपी टाकून दे. त्यावर तू हसलीस, म्हणालीस, बाबा, नवीन गाडी घेऊन तिला बैल जुंपताय. हसून घे.

तुझ्या नादी न लागता मी लॅपटॉप शहापूरला कमळाकरच्या दुकानात नेला. त्याने एक्सपीची सीडी घातली, निळा पडदा आला आणि यात हार्ड डिस्कच नाही असं खाली उमटलं. कमळाकर डोकं खाजवत म्हणाला, काका, पोरीला कोणीतरी फसवलंय, आत डिस्कच नाय. मी म्हटलं, अरे बाबा, सकाळी यात भजन लावून आलोय मी! मला वाटलं, यानेच काढून घेतली. सीडी काढायला लावली, पुन्हा व्हिस्टा चालू करायला लावलं, डिस्क जागेवर. तरी परत येताना एसटीत लॅपटॉप मांडीवर उलटा धरून त्याचे स्क्रू तपासत बसलो होतो. माझा स्वभाव असाच आहे, आणि तू त्याच बापाची लेक आहेस हे विसरलीस.

मग तू म्हणालीस, आता कुणाला हात लावू देऊ नका, ऑफिसातला एक मित्र गावी चाललाय, तो घरी येऊन करून देईल. गेल्या रविवारी तो आला. नाव हनुमान. बॅग ओटीवर ठेवली, पाया पडला. मेकॅनिक पाया पडतो, हे मी पहिल्यांदाच बघितलं. मी म्हटलं, मला जुनं एक्सपीच पाहिजे, नवीन चांगलं म्हणून शिकवायचं नाय. तो म्हणाला, काका, तुमचं काम जुन्यावर होतं ना, मग जुनंच टाकू. पहिल्याच फटक्यात मान्य! लग्न झाल्यापासून तुझ्या आईने माझं म्हणणं असं कधी मान्य केलं नाही. माझा संशय तिथेच पक्का झाला.

काम मात्र त्याने झकास केलं. माझ्या फाइली आधी काढून घेतल्या. मशीन चालू होताना कुठलंसं बटण दाबून आतलं एक सेटिंग बदललं, आणि कमळाकरला न दिसलेली डिस्क एक्सपीला दिसायला लागली. आता हे ऐक. एक्सपी चढलं तरी आवाज, पडदा, नेट या सगळ्यासाठी ड्रायव्हर नावाच्या फाइली लागतात, आणि त्या त्याच मॉडेलच्या लागतात. कमळाकर मॉडेलचा नंबर वाचायला लॅपटॉप पालथा करून भिंग लावून बसला होता. या पोराने लॅपटॉप पालथा केलाच नाही. खिशातून पेनड्राइव्ह काढला, सगळं आधीच तयार! म्हणजे हा लॅपटॉप दुकानात निवडायला तुझ्याबरोबर कोण होतं, ते मला कळलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण आपल्या स्वयंपाकघराच्या चौकटीला नवा माणूस डोकं आपटतोच. तुझा मामा अजून आपटतो. हा पाणी प्यायला आत गेला तो आधीच वाकून. दाराजवळच्या बोर्डाला शॉक बसतो, त्याच्याकडे वळलासुद्धा नाही, सरळ कपाटामागच्या बोर्डात पिन घातली. नमू, तू त्याला आपलं घर किती वेळ बसून सांगितलंस गो? आणि सगळा वेळ तुला म्हणत होता मॅडम. मॅडमनी सांगितलं, मॅडम म्हणाल्या. मित्र ना तो? मग नाव घ्यायला जीभ का अडते? मी मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारलं, कोणी पाठवलं रे तुला? दर वेळी मॅडम, आणि दर वेळी कान लाल. तुझी आई अजून माझं नाव घेत नाही, त्यामुळे नाव टाळणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको.

मग मी त्याचं गाव विचारलं. वाटलं, आता फिरवाफिरवी करेल. त्याने सरळ सांगितलं. डोळखांबच्या पुढचा पाडा, बाप वाळू, आई बाळी, भात-नाचणी करतात, पूर्वी भात झोडून झालं की वीटभट्टीवर जायचे, हा आश्रमशाळेत शिकला. मला त्याचं खोटं पकडायचं होतं, ते सापडेना म्हणून उलट राग आला. तू का लपवत होतीस तेही कळलं. पाड्यावरचा पोरगा आणि आपण गावातले. खरं सांगतो, बारकूकाका काय बोलेल, भावकी काय बोलेल, सगळं एकदम डोक्यात आलं. आणि पुण्यात तुम्ही रजिस्टर लग्न उरकून बसला असाल, बापाचं तोंड गोड करायला हा लॅपटॉप आणला असेल, हे तर डोक्यातून जातच नाही.

आईनेही पाड्याचं नाव ऐकलं होतं. चहाला काढलेली कपबशी तिने परत फळीवर ठेवली आणि त्याला स्टीलच्या पेल्यात चहा दिला. ते मी बघितलं. चहा पिऊन तो उठला, मोरीवर गेला, पेला विसळला आणि पालथा घालून ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही, सवय असल्यासारखा परत येऊन कामाला बसला. तो गेल्यावर आई ओटीवर येऊन बसली. म्हणाली, आपल्या घरात पोरगा पेला विसळून गेला हो, आणि आपण नुसते बघत राहिलो. मग रडायला लागली. मलाही फार वाईट वाटलं. एवढी सगळी बारीक नजर लावून बसलेलो मी, पण तेवढ्या वेळी मला उठून पेला त्याच्या हातातून घ्यायचं सुचलं नाही.

आता पत्राचं कारण. संक्रांत झाली की पुढच्या रविवारी आम्ही दोघं डोळखांबला जातोय, तिथून पाड्यावर, वाळू आणि बाळीच्या घरी. आपल्यात मुलाकडचे आधी येतात हे मला ठाऊक आहे. पण ते आपल्या दारात येऊन मुलगी मागतील असं तुला वाटतं का? नाही यायचे. म्हणून आपणच जायचं असं आईने ठरवलंय, आणि या वेळी मी तिच्याशी भांडलो नाही. तू मला एकाच गोष्टीचं उत्तर शनिवारच्या आत दे, आणि खरं दे. तुमचं लग्न झालंय की व्हायचंय? झालं असेल तर मी ओरडेन, तुझ्याशी बोलायचा नाही, पण जाईन, व्याही म्हणून जाईन. झालं नसेल तर मुलगी द्यायला आलोय असं सांगेन. त्यांच्या दारात उभं राहिल्यावर पहिलं काय बोलायचं, ते मला माहीत असायला हवं.

तुझाच,
बाबा