गौरीला मी सांगून टाकलं

प्रिय मंजिरी,

काल हाताचं प्लॅस्टर निघालं. बोटं अजून आखडलेली आहेत, अक्षर वाकडंतिकडं येतंय, पण पेन धरता येतंय. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं लिहीत जा, बोटं मोकळी होतील. शाळेतून रजा घेतलेली, फळा समोर नाही. मग लिहू तरी कुणाला? मनात पहिलं नाव तुझं आलं. बघ, इथेही तूच पहिली!

तुला 'अहो ताई' म्हणणार होते. तू वयाने मोठी, केवढी शिकलेली. पण सवतीला कुणी अहो-जाहो करतं का? तू मला कधी पाहिलं नाहीस. मी मात्र या घरात आले तेव्हापासून रोज तुला पाहते. फोटोत तू हसत असतेस आणि आपल्या सासूबाई हार बदलता बदलता म्हणतात, "लय गुणाची व्हती माय! येवढी शिकलेली, पण घरात आली की आमच्यातलीच." मी तिथेच भाकरी थापत असते. माझ्या भाकरीचं कुणी असं कौतुक केलेलं मला तरी आठवत नाही.

मी पेडगावची, चारठाण्याच्या शाळेत शिकवते. माझं पहिलं लग्न मोडलेलं. हे विधुर, पदरात मुलगी. चारचौघांनी जुळवलं आणि मी जिंतूरला आले. तू काय काम करायचीस ते मला गौरीनेच सांगितलं, ती लहान असताना. "माझी आई नसांचा अभ्यास करायची. दुखणं अंगातून मेंदूपर्यंत कसं जातं आणि औषधानं ते वाटेत कसं अडतं, ते शोधायची." एका दमात म्हणाली, पाठ केल्यासारखं. मी मराठी शिकवते. माझं काम सांगायला कुणाला दम लागत नाही.

तू आठवडाभर हैदराबादच्या प्रयोगशाळेत असायचीस आणि शनिवारी परभणी स्टेशनवर उतरायचीस. हे तुला आणायला गाडी घेऊन जायचे, ऊन असो की पाऊस. स्कूटी बंद पडून मी बसने आले, तरी मला आणायला ते कधी बसस्टँडपर्यंतही आले नाहीत. मी रोज जाते-येते, हे खरंय. पण कुणी आणायला यावं यासाठी लांबच राहावं लागतं का गं?

आणि तू त्यांना 'प्रकाश' म्हणायचीस. एकेरी! माझी गाडी अजून 'अहो'च्या पुढे सरकत नाही.

ऐक आता, या हाताचं काय झालं ते. चारठाण्याच्या रस्त्यावर कुणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं. स्कूटी घसरली आणि उजवं कोपर मोडलं. परभणीला, हे जिथे भूल द्यायला जातात त्याच दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. हे म्हणाले, "घरच्या माणसाला आपण भूल देऊ नये. मी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावतो." मी हट्टाला पेटले. "दुसरं कुणी नको. तुम्हीच द्या."

शेवटी ते तयार झाले. तुझ्या आजारपणात तुला सगळ्या सुया त्यांनीच दिल्या, हे सासूबाईंनी मला कधीच सांगून टाकलं होतं. मग माझ्या वेळेला परका माणूस कशाला?

मला झोपवायचं नव्हतं, फक्त हात बधिर करायचा होता. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत त्यांनी गळ्याच्या हाडाजवळ सुई घातली. हात आधी गरम झाला, मग जड झाला, मग माझा राहिलाच नाही. मी घाबरले. तेव्हा ते उशाशी बसून हळू आवाजात सांगायला लागले, "वंदना, भिऊ नको. नसेला अंगभर बारीक बारीक दारं असतात. कुठं दुखलं की एकामागून एक दार उघडतं, मिठातले कण आत शिरतात आणि बातमी मेंदूकडं पळत सुटते. हे औषध आत शिरून त्या दारांना अडसर लावतं. नस शाबूत राहते, फक्त बातमी जात नाही. औषध उतरलं की दारं पुन्हा उघडतात."

किती छान सांगत होते! इतकं सलग ते माझ्याशी कधी बोललेच नव्हते. मला वाटलं, माझी भीती घालवायला आत्ताच सुचलं असेल. तेवढ्यात सिस्टर हसून म्हणाली, "सर समद्या पेशंटला हेच सांगतात. मंजिरी मॅडमनी शिकवलंय ना ते?" आणि तिने जीभ चावली.

मंजिरी, बधिर माझा हात होता, बाकीची मी नव्हते! ड्रिलचा आवाज येत होता, हाड ओढल्यासारखं कळत होतं, दुखत काहीच नव्हतं. आणि मी टेबलावर पडल्या पडल्या तुझ्यावर जळत होते.

संध्याकाळी भूल उतरली आणि मी कळवळले. हे तोंडावरून हात फिरवत होते, मी तो झटकला.

घरी आल्यावर गौरी माझ्याजवळ येऊन बसली. ती आता आठवीत आहे. मला 'मावशी' म्हणते, माझी कधी तक्रार नाही. माझ्या सुजलेल्या बोटांकडे बघत म्हणाली, "मावशी, भूल होती तोपर्यंत तुला काहीच दुखलं नाही?"

"नाही."

"आणि उतरल्यावर?"

"लय दुखलं."

"मग आईलाही दुखलं असेल ना? बाबा म्हणतात, आईला औषध होतं, तिला काहीच कळायचं नाही."

मी म्हटलं, असं का विचारतेस? तर मान खाली घालून म्हणाली, "मी शाळेतून आले की तिला धडा वाचून दाखवायचे. ती माझ्याकडं बघायचीच नाही. खिडकीकडं बघायची. ओठ आवळून. मी जवळ सरकले की म्हणायची, तिथूनच वाच. दुखत नव्हतं, तर मग तिला माझा कंटाळा यायचा का?"

बाबांना विचारून सांगते, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे माझ्या गळ्यात अडकवलेली हाताची झोळी नीट करत होते तेव्हा विचारलं. त्यांचे हात थांबले. मग सांगितलं.

"पोटातल्या गाठीचं दुखणं पाठीपर्यंत जायचं तिचं. मी सुया दिल्या, काही दिवस आराम पडला. मग त्याही चालेनात. मोठं औषध दिलं की दिवसभर झोपून राहायची. पण गौरी शाळेतून यायची वेळ झाली की म्हणायची, 'प्रकाश, आत्ता देऊ नकोस. पोरगी येईल.'"

"मग?"

"मग काय! पोरगी वाचायची, ही चादर मुठीत धरून ऐकायची. मी सुई भरून दाराआड उभा. गौरी खेळायला गेली की ही माझ्याकडं बघायची. मग द्यायचो."

"हे पोरीला का नाही सांगितलं?"

"शपथ घातली होती तिनं. म्हणाली, गौरीला माझं हसणंच आठवू दे." आणि ते रडायला लागले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, मंजिरी. तेही तुझ्यासाठी.

त्या दिवशी मी तुझा जेवढा हेवा केला तेवढा कधी केला नव्हता. तुझ्या पदव्यांचा नाही, हैदराबादचा नाही. जिला वेदनेची वाट पायरीपायरीने ठाऊक होती, तिने ती वाट रोज आपल्या हाताने उघडी ठेवली, पोरीचा धडा ऐकायला! याच्यापुढे मी काय करायचं होतं? डब्यात भेंडीची भाजी?

आणि खरं सांगू? वाटलं, राहू दे. तुझीच शपथ आहे, मी कशाला मोडू? आई आपल्याला कंटाळली होती, असं गौरीला वाटत राहिलं तर या घरात मला थोडी जागा होईल. पूर्ण एक दिवस मी हा विचार कुरवाळत बसले. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि माझ्या खोलीत डोकावून म्हणाली, "विचारलंस?" चेहरा असा, की मी 'नाही' म्हणाले असते तर तिने पुन्हा कधीच विचारलं नसतं. कुणालाच.

मी तिला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. चादर, खिडकी, दाराआडचे बाबा, सगळं.

तू रागावशील. रागाव! पण चूक तुझी आहे. तुला वाटलं तू हसतेयस. पोरीला दिसले ते आवळलेले ओठ. एवढी शास्त्रज्ञ तू! दुखणं मेंदूपर्यंत कसं पोचतं हे तुला ठाऊक, आणि समोर बसलेल्या पोरीपर्यंत काय पोचतंय ते कळलं नाही?

ती रडली. खूप रडली. मला वाटलं, माझ्या कुशीत येईल. नाही आली. उठून आजीकडे गेली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. सासूबाई घाबरून विचारायला लागल्या, "काय झालं गं? कुणी काय म्हणलं का?" तर म्हणते, "आईला मी आवडायचे, आजी." मी दारात एका हाताने पदर सावरत उभी होते.

तेव्हापासून या घरात दुसरा विषय नाही. आईला काय आवडायचं, आई कशी चालायची, आई प्रयोगशाळेत काय करायची. बापलेक जेवताना तुझ्याबद्दल बोलतात आणि चक्क हसतात! दुखणं नेणाऱ्या बारीक नसा बंद करायच्या आणि हालचालीच्या चालू ठेवायच्या, असं औषध तुला शोधायचं होतं म्हणे. ते राहिलं. गौरी म्हणते, मी करीन. फोटोतून तुला मीच उठवलं आणि पाटावर आणून बसवलं. मोडक्या हाताने! माझ्यासारखी वेडी सवत तुला शोधून सापडली नसती.

पण आता माझंही ऐकून घे. तुझ्याबद्दल तिने जे विचारलं ते मी सांगत राहीन, गोड करून नाही आणि कमी करूनही नाही. हा माझा शब्द. मात्र ती दहावीला बसेल तेव्हा परीक्षेच्या शाळेच्या फाटकाशी मी उभी असेन. हैदराबादच्या गाडीत बसेल तेव्हा डबा मी दिलेला असेल. पहिलं यश, पहिलं भांडण, पहिला पगार, सगळं मी बघणार. यातलं काहीही तुझ्या वाट्याचं नाही. त्या वेळी जळायची पाळी तुझी. खुशाल जळ माझ्यावर. मी तुझी समजूत घालायला येणार नाही.

तुझी सवत,
वंदना