सहावा गठ्ठा

७ जानेवारी २००८, सोमवार
आजपासून मी सरकारी झाले. बडनेऱ्याहून पहाटेची गाडी, अकोल्याला उतरून एसटी, आणि साडेदहाला तहसील कार्यालयात हजर. पद कनिष्ठ लिपिक, काम अभिलेख कक्षाचं. आईनं डब्यात तिळाच्या वड्या दिल्या होत्या, त्या वाटून टाकल्या, त्यामुळे अर्धं कार्यालय पहिल्याच दिवशी माझं झालं. बाबा रेल्वेत फिटर. निघताना म्हणाले, कागद हलवण्याआधी दोनदा पाहत जा. जसं काही मी रूळच उखडायला निघाले होते.

कक्षाची दशा बघवत नाही. लाल रुमालात बांधलेले बस्ते छतापर्यंत, वर धूळ, मागे मांजरीची तीन पिल्लं. माझ्या आधीचे खुशालराव महिनाअखेरी निवृत्त होतात. ते म्हणाले, दोन वर्षांपासून सारं ऑफिस शेतकरी आत्महत्यांच्या मदतीच्या पात्र-अपात्र फायलींत बुडालं आहे, इकडे पाहायला कुणाला सवड नाही. मी म्हटलं, मी पाहते.

११ जानेवारी, शुक्रवार
अठरा तारखेला तहसीलदार साहेबांची तपासणी आहे, म्हणून कंबर कसली. सहा गठ्ठ्यांची पद्धत प्रशिक्षणात शिकलेच होते: सगळे कागद सहा गठ्ठ्यांत वाटायचे. त्यातला पाचवा जपून ठेवायचा, सहावा मुदत संपलेला, नष्ट करायचा. चार दिवसांत तीन वर्षांचा पसारा उरकला. खुशालराव म्हणाले, बाई वादळावानी हाय.

फाटकी कव्हरं काढून टाकली, नवी आली की चढवू म्हणून. दुपारी कव्हर काढलेल्यांतलाच एक पातळसा जुडगा हाती लागला. देवराव नावाच्या मापाड्याचा जबाब होता. कापूस खरेदी केंद्रावर गोंधळ झाला, पोलिसांनी धरपकड केली, त्यात हा आणि एक तरुण पोरगा एकाच कोठडीत. पोरगा तिथंच गेला. उभ्यानंच वाचत होते, वाईट वाटत होतं. पान संपत आलं तेवढ्यात शिपाई केशवराव चहा घेऊन आले. पान उलटायचं राहिलं. चहानंतर पाहिलं तर त्यावर नंबरच नाही. खुशालरावांना विचारलं. ते म्हणाले, बिनानंबरचं सहाव्यात टाका.

टाकलं.

१६ जानेवारी
सहावा गठ्ठा गेला. केशवरावांनी मागच्या हौदात भिजवून काठीनं घुसळला, पार लगदा. यादीवर माझी सही. खोलीत आता चालता येतं.

१८ जानेवारी
साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. बाबांना फोन केला. आज मी फार खूश आहे, हे लिहून ठेवते.

२१ जानेवारी, सोमवार
माहिती अधिकाराचा पहिला अर्ज माझ्या टेबलावर आला. अर्जदार बिल्कीसबी, बाजारात भाजीचं दुकान, वय पन्नासच्या पुढे. मुलगा परवेज मागच्या हिवाळ्यात शेजाऱ्याची कापसाची गाडी घेऊन खरेदी केंद्रावर गेला होता. कोठडीत मेला. त्या मृत्यूची चौकशी तहसीलदारांनी केली होती, तिचे कागद हवेत. अर्ज वकिलाकडून लिहून आणलेला, खाली अंगठा.

त्यांना सगळी फाईल नकोच आहे. म्हणाल्या, मले मालूम हाय कोनाले काई होनार नाई. देवराव मापाड्यानं जबाबात लिवून देलं होतं का माह्या पोरानं आखरीले काय म्हटलं. तेवढंच वाचून दाखवा, बाई. देवरावांनी स्वतः कधी सांगितलं नव्हतं, जबाबात आहे एवढंच म्हणत, पोलिसांना भीत होते. पोळ्याच्या आधी तेही काविळीनं वारले.

मी म्हटलं, शोधते. तीस दिवस असतात.

जाताना त्यांनी मेथीची जुडी ठेवली. नको म्हणता आलं नाही. त्या वळल्या तशी मी सहाव्या गठ्ठ्याची यादी काढून माझी सही पाहिली.

२४ जानेवारी
सगळे बस्ते सोडले. कोपऱ्यात फाटक्या कव्हरांचा ढीग होता, त्यात त्या जबाबाचं कव्हर सापडलं. परवेजचं नाव, नंबर, लाल शाईत 'कायम जतन'. कव्हर मीच काढलं होतं.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, वर पाठवलेल्या अहवालात तो जबाब जोडलाच नव्हता, मूळ प्रत इथंच होती. 'अभिलेख आढळून येत नाही' असं कळवून मोकळ्या व्हा. मी मान डोलावली. मला लाज वाटते.

२८ जानेवारी, सोमवार
बिल्कीसबी आल्या, मेथी घेऊन. मी म्हटलं, शोधून राहिले. खोटं.

एक लहानशी गोष्ट. सकाळी अकराला टेबलावर पाण्याचा ग्लास भरून ठेवते. सव्वाअकराला रिकामा. मी प्यायले नव्हते. केशवराव म्हणाले, तुमीच पेल्या असान, ध्यान नसते मानसाले.

३० जानेवारी
पुन्हा ग्लास. आज समोर बसून राहिले. कुणी आलं नाही. पाणी हळूहळू उतरत गेलं, घोटाघोटानं. शेवटी तळाला थेंबही नाही.

४ फेब्रुवारी
डायरीचं कालचं पान उघडलं. माझंच अक्षर, पण मी लिहिलेलं नाही:

विचारल्यावरून सांगतो की, तो पोरगा माझ्या बाजूला भिंतीला टेकून होता. त्यानं पाणी मागितलं.

हा तोच जबाब आहे. मला शब्द आठवतात. हौदात गेला तो.

बिल्कीसबी आज बाहेरच्या बाकावर बसून गेल्या. मी आत दडून राहिले. असं करू नये.

७ फेब्रुवारी
रोज एक ओळ वाढते. त्यानं दुसऱ्यांदा पाणी मागितलं. त्यानं तिसऱ्यांदा मागितलं, कोणी आलं नाही. पान ओलसर लागतं, लगद्याचा वास येतो —

केशवरावांना दाखवलं. त्यांना कोरं पान दिसतं. म्हणाले, बाई, सुट्टी घ्या, घरी जा.

११ फेब्रुवारी
आज दोन ओळी. मग तो मला म्हणाला, देवरावकाका, माह्या अम्मीले सांगजा की —

इथं थांबतं. पान इथंच संपलं होतं. पुढचं मी वाचलं नाही. चहा आला होता.

१४ फेब्रुवारी
पुन्हा पहिल्यापासून. विचारल्यावरून सांगतो की. पुन्हा तिथंच. दिवसातून सात वेळा, आठ वेळा. परवेजला मला घाबरवायचं नाही. त्याला सांगायचंय, आणि माझ्याजवळ तेवढंच आहे जेवढं मी —

१५ फेब्रुवारी
ठरवलं, पुढचं मी घालते. 'घाबरू नको', नाहीतर 'जेवून घे'. आईला काय हवं असतं आणखी. लिहायला गेले. शाई धरत नाही. तेवढीच जागा भिजलेली. बाकी पान कोरडं.

खोटं लिहू देत नाही तो.

१८ फेब्रुवारी
ग्लास भरते, रिकामा. भरते, रिकामा. हंडा संपला. कुणी द्या रे त्याला —

२० फेब्रुवारी, बुधवार
तिसावा दिवस. बिल्कीसबी समोर बसल्या आहेत. मी सगळं सांगितलं. कव्हर, गठ्ठा, हौद, चहा. ग्लासाचंही सांगितलं. वाटलं, शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.

 त्यांनी पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढली, माझा ग्लास भरला. तो उतरू लागला. त्या पाहत राहिल्या. घाबरल्या नाहीत. रिकामा झाला तसा पुन्हा भरला, पुन्हा भरला. हलकेच म्हणाल्या, पी बेटा, सावकाश पी. बाटली संपली तेव्हा ग्लास अर्धा भरलेला होता. तो तसाच राहिला.

डोळे पुसून मला म्हणाल्या, जेवढं हाय तेवढं लिवा बाई, अन् वाचून दाखवा.

लिहिते. ही खरी प्रत.

विचारल्यावरून सांगतो की, तो पोरगा माझ्या बाजूला भिंतीला टेकून होता. त्यानं पाणी मागितलं. दुसऱ्यांदा मागितलं. तिसऱ्यांदा मागितलं, कोणी आलं नाही. मग तो मला म्हणाला, देवरावकाका, माह्या अम्मीले सांगजा की