मक्याच्या वावरातून पृथ्वी वाचवताना

८ जून २०२५
आजपासून रोजनिशी. रिटायर होऊन आठ दिवस झाले. पस्तीस वर्षं मोताळ्याच्या शाळेत भूगोल शिकवला, आता पृथ्वीसाठी प्रत्यक्ष काहीतरी करायचं. ग्लोबल वॉर्मिंग आमच्या गावापासून, रोहिणखेडपासून थांबवायचं ठरवलं. आपलं मक्याचं वावर विद्यापीठाच्या प्रयोगाला देऊन टाकलं. बायकोला, प्रतिमाला विचारायचं राहिलं. शेती इतकी वर्षं तीच बघते. विचारलं असतं तर वेळ गेला असता.

९ जून
प्रतिमाला सांगितलं. विळा घेऊन वावराकडे निघून गेली. सपोर्ट आहे.

१९ जून
विद्यापीठातून पूनम मॅडम आल्या. म्हणाल्या, खतातलं सगळं नत्र पिकाला मिळत नाही. काही जमिनीतल्या जिवाणूंमुळे नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं. कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास पावणेतीनशे पट घातक. मला माहीत होतंच. (शंभर पट माहीत होतं.)
वावराचे दोन तुकडे केले. एकात मॅडम सांगतील तसं: चांगलं कुजलेलं शेणखत, युरिया थोडा थोडा तीनदा, मातीआड. दुसऱ्यात शेतकऱ्याच्या मनाप्रमाणे. प्रतिमाने पहिला घेतला. स्वतंत्र बुद्धीचं काम माझ्याकडे आलं.
ज्या तुकड्यात गॅस कमी आणि मका चांगला, तिथे ऑक्टोबरमध्ये गावाचा कार्यक्रम. त्या शेतकऱ्याने दोन शब्द बोलायचे.

२० जून
भाषण तयार. सात पानं. सुरुवात अॅमेझॉनच्या जंगलापासून.

१७ जुलै
माझा फॉर्म्युला: ताज्या शेणाची स्लरी आणि सगळा युरिया, एकदम. शेण नैसर्गिक, म्हणजे मायनस. युरिया रासायनिक, म्हणजे प्लस. बेरीज शून्य. विद्यापीठाला हे कसं सुचलं नाही?
शेजारचे माणिकराव बांधावर आले. म्हणाले, "सर, दोन्ही संगच काऊन देऊन राह्यले? मका गुडघ्याएवढी बी नाही अजून." नेट झिरो समजावून सांगितलं. "हाव," म्हणाले आणि गेले. समजलं त्यांना.
प्रतिमा म्हणाली, "दोन दिसांत मोठं पाणी येते. थांबा ना." कशावरून, विचारलं. "वाटते," म्हणाली. वाटण्यावर विज्ञान चालत नाही. पूर्ण डोस आजच दिला.

२० जुलै
कालपासून मुसळधार. माझ्या तुकड्यात पाणी तुंबलं. खत जिरत असावं.

२३ जुलै, सकाळी ९
मापनाचा दिवस. प्रतिमाला बजावलं होतं, आज वरण नको, पोटात गॅस झाला तर उगाच आकड्यात गडबड होईल. पूनम मॅडमनी जमिनीत रोवलेल्या चौकटीवर पारदर्शक डबा ठेवला आणि दर पंधरा मिनिटांनी सिरिंजने आतली हवा काढली. मी दहा फुटांवर श्वास रोखून उभा. त्या म्हणाल्या, "सर, हे फक्त जमिनीतलं मोजते. तुम्ही श्वास घ्या."
माझ्या डब्याजवळ नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, इंटरेस्टिंग आहे. प्रतिमाच्या डब्याला असं काही म्हणाल्या नाहीत.

४ ऑगस्ट
माझा मका प्रतिमाच्या मक्यापेक्षा वीतभर उंच, गर्द हिरवा. भाषण नऊ पानांवर गेलं.

२५ ऑगस्ट
वाऱ्याने मका जरा कलला. प्रतिमा म्हणते, आडवा पडला. शब्दांचा फरक आहे.

२६ सप्टेंबर
पूनम मॅडमचा फोन. माझ्या तुकड्यातून प्रतिमाच्या सहापट गॅस. मशीन तपासा म्हटलं. म्हणाल्या, आकडा बघून तेच आधी केलं. ताजं शेण म्हणजे जिवाणूंना जेवण, त्यात एवढा युरिया, आणि तुंबलेल्या पाण्याने मातीतली हवा कोंडलेली. तिन्ही मीच जमवलं. पाऊस सोडून, खरं तर.
प्रतिमाला सांगायचं नाही असं ठरवलं. तिला आधीच फोन झाला होता.

११ ऑक्टोबर
भाषण प्रतिमाला उदार मनाने दिलं.

१२ ऑक्टोबर
कार्यक्रम झाला. चाळीसेक माणसं. वावर ओलं होतं, म्हणून प्रतिमाने माझी नऊ पानं गावातल्या म्हाताऱ्या रुखमाबाईंना बसायला दिली. मग उभी राहून म्हणाली, "पीक जेवढं खाईन तेवढंच वाढा. लेकराच्या पुढं सगळं पातेलं ठेवलं अन् वरून पाणी ओतलं, त कोण खाईन?" टाळ्या.
पावसाचं कसं कळलं, कोणीतरी विचारलं. म्हणाली, तीस वर्षं कॅलेंडरवर रोजचा पाऊस लिहिते. तीस वर्षं. त्याच घरात मी राहतो. मुलांना पर्जन्यमान मी पुस्तकातून शिकवायचो. थोडा वेळ बांधावर एकटाच उभा राहिलो.
नंतर पूनम मॅडमनी सगळ्यांना माझ्या तुकड्यात आणलं. म्हणाल्या, खत असं देऊ नका. मग सांगितलं की या गॅसला लाफिंग गॅस पण म्हणतात. सगळे पोट धरून हसले. माणिकराव तर खालीच बसले. नोंद: गॅसचा परिणाम डोळ्यांनी पाहिला. आकडा बरोबर असावा.

१३ ऑक्टोबर
पूनम मॅडमना फोन करून निरीक्षण कळवलं. म्हणाल्या, "सर, उघड्या वावरात तेवढा गॅस साठतच नाही. अन् तुमचा तर जुलैमध्येच उडून गेला."
म्हणजे ते गॅसशिवायच हसत होते.